बावन्नपैकी एक्केचाळीस

६ जानेवारी, पालघर

ही डायरी एका रंगाच्या कारखान्याने दिवाळीत दिली. मी निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी देतात. यादीतून नाव खोडायचा कंटाळा. पहिली पाच पानं कोरी आहेत. लिहिण्यासारखं काही घडलं नव्हतं.

सकाळी सुलू चिंचणीहून आली. माझी धाकटी बहीण. नवरा गेल्यावर तिने एकटीने वाडी राखली. चिकू, केळी, बांधावर मोगरा. ती वाडी आता रस्त्यात गेली आणि बदल्यात बावीस लाख बँकेत आले. एवढे पैसे हाती असताना ही अठ्ठावन्न वर्षांची बाई पुन्हा जमीन शोधते आहे. पुन्हा चिकू लावणार.

"चिकू धरेपर्यंत तू साठीच्या पुढे जाशील," मी म्हणालो.

"मग काय झालं? चिकू माझं वय इचारतो काय?"

अक्षय तृतीयेपर्यंत जमीन ठरवायची असा तिचा बेत आहे. तोवर पैसे कुठे ठेवायचे ते मी पाहायचं. "तू शिकलेला हायस दादा," म्हणाली. बाकीचे नाहीत, हे तिला कळतं एवढं तरी बरं.

११ जानेवारी

मनोरला हायवेवरच्या हॉटेलात गुंतवणूकदारांचा मेळावा. भावेश नावाचा बोईसरचा दलाल. कोट घातला होता. जानेवारी असला तरी दुपारी बाराला मनोरला कोट घालणाऱ्या माणसाबद्दल जे वाटायचं ते वाटलं. समोर साठ-सत्तर माणसं, त्यातली निम्मी जेवणासाठी आलेली. पनीर आल्यावर प्रश्न विचारणं बंद झालं.

विषय मात्र मला नवा होता. प्रत्येक कारखान्यात सर्व्हर असतो. हजेरी, प्रयोगशाळेचे आकडे, माल, बिलं, सगळं सांभाळणारं यंत्र. ते यंत्र ज्या मूळ व्यवस्थेवर चालतं ती ऑपरेटिंग सिस्टिम. या सिस्टिम विकणाऱ्यांत स्पर्धा आहे. एक परदेशी, महाग. एक फुकट, जगभरच्या हौशी पोरांनी मिळून केलेली, तिचा मालक कोणीच नाही. आणि तिसरी 'ध्रुव', पुण्याची. परदेशीपेक्षा स्वस्त, दर वर्षी पैसे भरून परवाना नवा करायचा. कंपनी उन्हाळ्यात शेअर बाजारात उतरणार. त्याआधीच तिचे शेअर भावेशकडे मिळतात.

मी विचारलं, "फुकटची असताना विकत कोण घेईल?"

भावेश हसला. "राऊतसाहेब, फुकटचा शेअर निघतो का? नाही निघत. मग गुंतवणूकदाराने ती मोजायचीच कशाला? तुम्ही परदेशी आणि ध्रुव एवढंच बघा."

माणूस उथळ, पण मुद्दा बरोबर आहे. ज्याचा शेअर नाही तो आपल्या दृष्टीने स्पर्धेतच नाही. खोलीत हे मला आणि त्याला, दोघांनाच कळलं. बाकीचे गुलाबजाम मोजत होते.

तरी दलालाच्या शब्दावर मी एक रुपया टाकणार नाही. एकतीस वर्षं एका तपासणी कंपनीसाठी तारापूरचे बॉयलर तपासले. हेही तपासेन.

१४ जानेवारी

सरावलीला जागृतीकडे गेलो. सुलूची मुलगी. एका औषधांच्या कारखान्यात सर्व्हर सांभाळते. भाड्याची खोली, दारात चपलांचा ढीग, अंगात कुठल्याशा स्पर्धेत फुकट मिळालेला टी-शर्ट. पोरगी हुशार आहे असं सगळे म्हणतात. सगळे कोण, ते मी पाहिलेले आहेत.

अभ्यासासाठी माहिती हवी आहे एवढंच सांगितलं. आईच्या पैशांचं नाव काढलं नाही. सुलूलाही बजावलं आहे की जागृतीला सांगू नकोस, ती फाटे फोडेल. तिला सरावलीत फ्लॅट हवा असणार. तरुण मुलींना फ्लॅटच हवे असतात.

"मामा, ध्रुवचं पहिलं वर्ष मशीनबरोबरच येतं," ती म्हणाली. "पुढचं विकत."

"मग पुढचं घेतात ना?"

"ते तुम्ही त्यांनाच विचारा."

"मी माणसांना विचारत नाही. माणसं खोटं बोलतात. यंत्रावर पाटी असते ना?"

"असते. ध्रुवची स्टीलची आहे. छान आहे."

मग फुकटवाल्यांच्या ती दोन-चार जाती सांगू लागली. नावं आफ्रिकेतल्या गावांसारखी वाटली. लिहून घेतली नाहीत.

१७ जानेवारी, बोईसर

तपासणी सुरू. एमआयडीसीतले जुने गेट अजून मला उघडतात. आज चार कारखाने. पद्धत माझी नेहमीचीच. यंत्रापाशी जायचं, पाटी वाचायची, क्रमांक वहीत उतरवायचा, पुढे. बॉयलर असो की सर्व्हर, पाटीवर निर्माता असतो, वर्ष असतं, क्रमांक असतो. बाकी सगळ्या गप्पा.

शेवटचा कारखाना जागृतीचा. तिची सर्व्हरची खोली जुन्या बॉयलर-घराला लागून आहे. मला ते घर ओळखता आलं. दोन हजार सातमध्ये इथे सेफ्टी व्हॉल्व्ह उघडला नाही आणि दोन कामगार भाजले. चौकशीत माझा अहवाल निर्दोष ठरला. व्हॉल्व्हवरची पाटी त्याच वर्षाची होती. जुन्या व्हॉल्व्हवर कोणी नवी पाटी ठोकली असेल तर गुन्हा ठोकणाऱ्याचा. वाचणाऱ्याचा नाही.

खोलीची किल्ली रामकिसन नावाच्या पहारेकऱ्याकडे असते. उत्तरेकडचा, पन्नाशीचा. "आइए साहब," म्हणाला, पण डावा हात खिशातून काढला नाही. त्यांना अदब शिकवणारं कोणी राहिलेलं नाही.

आत तीन यंत्रं. तिन्हींच्या पाट्यांवर दसऱ्याचं कुंकू वाळलेलं. क्रमांक वाचायला मला रुमालाने ते पुसावं लागलं. संगणकालाही हळदकुंकू वाहणारा देश. रामकिसन दारातून म्हणाला, "साहब, वो पूजा का है." मी पुढची पाटी पुसली.

तिन्ही पाट्या ध्रुवच्या. जागृतीने विचारलं, "चालू करून दाखवू का आत काय आहे ते?" गरज नव्हती. तरी तिने पडदा लावला. काळ्यावर पांढरी अक्षरं, वर 'डेबियन' असं काहीतरी. सकाळी एका कारखान्यात 'उबुंटू' पाहिलं होतं. यंत्रांना कुत्र्यांसारखी नावं ठेवायची या पोरांची हौस. ती आणखी काही सांगणार होती. मी हात वर केला. तपासणी चालू असताना मी कोणालाही बोलू देत नाही. पूर्वीही देत नव्हतो.

२३ जानेवारी

पाच कारखाने. एका ठिकाणी सर्व्हर संडासाच्या शेजारी. एका ठिकाणी त्याच्यावर लोणच्याची बरणी. मालकांची लायकी कळायला ताळेबंद लागत नाही.

४ फेब्रुवारी

तपासणी पूर्ण. एकोणीस कारखाने, बावन्न यंत्रं. त्यांतल्या एक्केचाळीस यंत्रांवर ध्रुवची पाटी. नऊ परदेशी. दोन बिनपाटीची, म्हणजे ती फुकटवाल्यांची असणार.

दोन! आणि ही फुकटची सिस्टिम जग जिंकते आहे असं जागृती म्हणते. जगात तारापूर येत नसावं.

असा तक्ता मुंबईतल्या कुठल्याही दलालाकडे नसेल. कारण तो करायला चालावं लागतं. भावेशला दाखवला. त्याने फोटो काढून घेतला आणि म्हणाला, "साहेब, तुम्ही तर आमच्या कंपनीचे चेअरमन पाहिजे." मूर्खाचं कौतुकही कान झाकून ऐकावं लागतं.

६ फेब्रुवारी, चिंचणी

सुलूच्या चेकवर तिची सही, बाकी अक्षर माझं. वीस लाख. दोन घरखर्चाला ठेवले.

"दादा, हे नक्की कशात घालतो?"

सोप्या भाषेत सांगितलं. ती कोबीच्या रोपांना पाणी घालत ऐकत होती. म्हणजे ऐकत नव्हती.

"जी फुकट मिळती तिला सोडून लोक विकतची घेतात?"

"बावन्नपैकी एक्केचाळीस."

"आणि वर्ष झाल्यावर?"

हा प्रश्न जागृतीचा आहे. दोघींचं फोनवर काय चालतं कोण जाणे. मी म्हणालो, "एप्रिलमध्ये पैसे काढून देतो. जास्तच देईन." तिने हात पदराला पुसले आणि मला चहा करायला गेली. विषय संपला.

२० फेब्रुवारी

सुलूबरोबर जमीन पाहायला गेलो. हा दिवस फुकट गेला.

पहिला तुकडा वरोरच्या बाजूला. सातबाऱ्यावर स्वच्छ लिहिलेलं, बागायत. विहिरीची नोंद आहे. मालक माणूस बरा. सुलूने कागद हातातसुद्धा घेतला नाही. गाडीतून फावडं काढलं आणि खड्डा खणायला बसली. अंगावर चांगलं लुगडं. मालक माझ्याकडे पाहायला लागला. मी समुद्राकडे.

कमरेएवढा खड्डा झाल्यावर तळाला पाणी आलं. तिने ओंजळीत घेऊन चाखलं आणि थुंकली.

"खारं हाय."

"सातबाऱ्यावर बागायत लिहिलंय," मी म्हणालो.

"सातबाऱ्यानं चाखलं काय?"

दुसऱ्या तुकड्यावर तेच. पुन्हा खड्डा, पुन्हा थुंकणं. गाडीत तिच्या पायाची माती सगळीकडे झाली. सरकारच्या शिक्क्यावर विश्वास नाही, जिभेवर आहे. अशा माणसांनीच या देशाचं वाटोळं केलं.

३ मार्च

भावेशचा संदेश. ध्रुवचा भाव वर गेला. कोणाला विकला तर मिळेल ते त्याने लिहिलेलं नाही. तरी वर गेला.

१२ मार्च

सुलूला तिसरा तुकडा मिळाला, चिंचणीतच, आतल्या अंगाला. खणला, चाखला, पाणी गोडं निघालं म्हणून तिने रात्री फोन करून सांगितलं. आवाज पोरीसारखा झाला होता. मालकीण ओळखीची, अक्षय तृतीयेपर्यंत थांबते म्हणाली. इसार म्हणून सुलूने तिला घरखर्चातले पन्नास हजार दिले.

"चिकूची कलमं सांगून ठेवली," म्हणाली. "चाळीस."

मी व्यवहाराचा कागद केला का विचारलं. नाही केला. पाणी चाखलं म्हणे.

८ एप्रिल

बाजारात उतरायच्या आधी कंपनीला आपली सगळी माहिती छापावी लागते. ध्रुवची आज प्रसिद्ध झाली. तीनशे दहा पानं. मी सगळी वाचली. भावेशने एकही वाचलेलं नसणार.

दोनशे चौदाव्या पानावर एक ओळ आहे. विकलेल्या शंभर यंत्रांपैकी दुसऱ्या वर्षी परवाना नवा करणारी अकरा.

हे शक्य नाही. पाट्या मी स्वतः वाचल्या. छपाईची चूक असावी.

९ एप्रिल

छपाईची चूक नाही. त्याच पानाखाली कारणही दिलं आहे. 'विनामूल्य प्रणालींकडून तीव्र स्पर्धा.'

विनामूल्य. दोन यंत्रं सापडली होती मला.

११ एप्रिल, बोईसर

जागृतीच्या कारखान्यात गेलो. तिला खरं सांगितलं. आईचे वीस लाख. मी ओरडण्याची तयारी करून गेलो होतो, त्याचा उपयोग झाला नाही. तिने फोन खिशात टाकला आणि म्हणाली, "चला."

रामकिसनने दार उघडलं. पाट्यांवर पुन्हा कुंकू होतं. ताजं.

तिने पडदा लावला. डेबियन.

"हे यंत्राचं नाव नाही, मामा. हीच ती फुकटची."

"पाटी ध्रुवची आहे."

"पाटी मशीनबरोबर आली. पहिलं वर्ष संपलं तेव्हा मालकांनी विचारलं, पुढचे पैसे भरायचे का? मी म्हटलं नको. एका रविवारी सगळं पुसून ही टाकली. पाटी काढायला कोण बसतंय? स्क्रू गंजलेत."

"बाकीच्या कारखान्यांत?"

"तिथली मुलं आणि आम्ही एकाच ग्रुपवर आहोत. एकमेकांना मदत करतो. एक्केचाळीसपैकी चार-पाच ध्रुवची राहिली असतील. त्यात एक बंदच आहे."

"तू सांगितलं का नाहीस?"

"दोनदा सांगायला गेले. तुम्ही हात वर केलात."

मी खुर्चीवर बसलो. ती म्हणाली, रागाने नाही, एखाद्या पोराला गणित समजवावं तशी, "मामा, ज्याचा शेअर मिळत नाही तोच जिंकतोय. त्याला विकत घेता येत नाही, म्हणून तर त्याला हरवता येत नाही. तुम्ही त्यालाच मोजलं नाही."

तिला फोन आला, ती बाहेर गेली. रामकिसन दारात उभा होता. त्याने पाणी आणून दिलं. पेला उजव्या हातात, खाली बशी डाव्या हातात. म्हणून डावा हात प्रथमच खिशाबाहेर दिसला. करंगळी आणि शेजारचं बोट नाही. बाकीच्या हाताची कातडी वितळलेल्या मेणासारखी.

मी विचारलं, "कब हुआ?"

"दो हज़ार सात में, साहब. इधर बगल में ही." बॉयलर-घराच्या भिंतीकडे त्याने मान हलवली. "आप आए थे ना उसके पहले. मैं बॉयलर का फायरमैन था. मैंने बोला था आपको, साहब, वाल्व की आवाज़ ठीक नहीं है. आपने ऐसा किया था."

आणि त्याने तो हात वर केला. मी करतो तसा.

२५ एप्रिल

भावेशच्या ऑफिसात तीनदा गेलो. कोट खुर्चीला टांगलेला, माणूस नाही. आज सापडला. कंपनीने बाजारात उतरणं पुढे ढकललं आहे. शेअर कोणी घेत नाही.

"राऊतसाहेब, लांबचा विचार करा. पाच वर्षं, सात वर्षं."

"बहीण साठीच्या पुढे जाईल."

"आणि मी तर तुमचाच तक्ता दाखवून अजून बारा जणांना विकले. इन्स्पेक्टरने स्वतः मोजलेत म्हटल्यावर लोक डोळे मिटून घेतात." त्याने मला फोनवर फोटो दाखवला. माझं अक्षर. खाली माझी सही. सही करायची मला कोणी सांगितलं नव्हतं. सवय.

याला मी उथळ म्हटलं होतं. त्याने निदान बहिणीचे पैसे घातले नव्हते.

२७ एप्रिल

माझी ठेव मोडली. निवृत्तीची, होती तेवढी. साडेसात लाख. पालघरचा फ्लॅट विकायला काढला तर वर्ष जाईल. बँकेतल्या मुलीने विचारलं, काही अडचण आहे का काका? तिच्या छातीवर नावाची पाटी होती. वाचली नाही.

३० एप्रिल, चिंचणी

अक्षय तृतीया. सुलूला सगळं तिच्या ओट्यावर सांगितलं. जागृती शेजारी बसली होती. मी तक्तासुद्धा आणला होता. का, ते माहीत नाही.

सुलूने साडेसात लाखांचा चेक पाहिला आणि परत माझ्याकडे सरकवला. "तू काय खाशील?"

"ठेव तो."

"ठेवते. पण जमीन त्यात येत नाय." मग म्हणाली, "मालकिणीला काल फोन केला मी, दुसऱ्याला दे म्हटलं. जागूनं मला बारा तारखेलाच सांगितलं होतं."

अठरा दिवस तिला माहीत होतं. मी यायची वाट पाहत होती.

मग ती उठली आणि म्हणाली, चल. मला वाटलं देवळात. ती मला त्या तिसऱ्या तुकड्यावर घेऊन गेली. कुंपणापाशी कोणा दुसऱ्याची मोटरसायकल उभी होती, दोन माणसं टेपने मापं घेत होती. सुलूने त्यांना नमस्कार केला. तिचा खड्डा अजून तसाच होता. तळाला वीतभर पाणी.

"हात घाल," ती म्हणाली.

चांगली पँट घातली होती. गुडघे टेकले. काठ ढासळला, कोपरापर्यंत माती झाली. पाणी हाताला थंड लागलं. ओंजळ वर आणली तेव्हा निम्मं गळलं होतं.

"चाख."

चाखलं.

"गोडं हाय ना?"

"हो."

"मी खोटं नव्हते बोलले," सुलू म्हणाली, आणि टेप धरणाऱ्या माणसांना हाक मारून सांगितलं की चिकू लावणार असाल तर माझ्याकडे चाळीस कलमं सांगितलेली हायत, ती घ्या.

घरी येऊन वही काढली. तपासणीचा तक्ता. 'तपासणारा' या शब्दापुढची सही खोडली. वर लिहिलं: पाट्या वाचणारा. आणखी बारा जणांची नावं भावेशकडून मागून घ्यायची आहेत. उद्या पहिल्यांदा बोईसर. रामकिसनची ड्यूटी सकाळी सातला सुरू होते.